सूर्य कलल्यावरची हाक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक दुपार उभी करा. झाड कुठेही नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या पांढऱ्या इमारती, त्यांच्यामागे वाळू, आणि वाळूच्या पलीकडे पुन्हा वाळू. वारा इतका गरम की तोंड उघडलं तर दातांवर धूळ बसते. सूर्य थेट डोक्यावर, आपली सावली शोधायची तर पायाखाली बघावं लागतं. आता त्या रस्त्यावर एक म्हातारी बाई उभी करा. तिच्या एका पायात चप्पल आहे, एका पायात नाही. ती धावते आहे आणि हाका मारते आहे, "मेरकादो, मेरकादो."

तिच्यामागे माझी आई धावते आहे. आईने तोंडात पदराचा बोळा कोंबला आहे. ती हाक मारत नाही.

आणि त्या दोघींच्या मागे मी, नऊ वर्षांची सिपोरा झिराडकर. मेरकादो नावाचा मुलगा मंगळवारपर्यंत आमच्या इमारतीत नव्हताच, हे मला ठाऊक आहे. हरवलाय तो माझा भाऊ. त्याचं नाव वेगळं आहे आणि ते नाव कुणीही उच्चारायचं नाही.

आता डोळे उघडा. हे कसं झालं ते सांगते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचं घर रेवदंड्याजवळ होतं. तिथून इस्राएलला येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. बेर-शेव्हाच्या दक्षिणेला, वाळवंटात नव्यानेच वसवलेल्या एका गावात आम्हाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. बाबांना कारखान्याची बस सकाळी घेऊन जाई ती संध्याकाळी आणून सोडी. घरात आई, मी आणि माझा अडीच वर्षांचा भाऊ एलियाहू. आम्ही त्याला एलू म्हणायचो.

आमच्या दारासमोरच तिया व्हिदा आणि तिओ मोशोन यांचं दार होतं. तिया म्हणजे मावशी, तिओ म्हणजे काका. ते तुर्कस्तानातल्या इझमीरचे ज्यू. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राजाने त्यांच्या पूर्वजांना हाकलून दिलं, तेव्हा तिथली भाषा ते बरोबर घेऊन निघाले. पुढे तुर्कांच्या राज्यात राहून तिच्यात तुर्की शब्द मिसळले. त्या भाषेला लादिनो म्हणतात. आम्हाला लादिनो येत नव्हती, त्यांना मराठी येत नव्हती, त्यामुळे आमचा सगळा कारभार मोडक्या हिब्रूत चाले. तुम्हाला सांगताना मी त्याचं सरळ मराठी करते आहे.

एलू सकाळी उठला की धडपडत समोरच्या दाराशी जायचा आणि दाराच्या तळाशी हाताने थापा मारायचा. तिया दार उघडायची, खाली वाकायची आणि जाड आवाजात म्हणायची, "आय, झवालिको." मग एप्रनच्या खिशातून भाजलेले चणे काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. आईने पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा तिला हसू आलं होतं. "अगं सिपू, हे तर आपले फुटाणे." एलूला त्या शब्दाची इतकी सवय झाली की एकदा तिया जिन्यातल्या मांजरीला झवालिको म्हणाली, तर यानेच हात पुढे केला.

एक दिवस आईने विचारलं, "व्हिदाबाई, तुम्ही माझ्या पोराला काय म्हणता?"

"झवालिको? म्हणजे बिचारा. बापुडा."

आईचं हसू गेलं. "बिचारा कशाने? त्याला आई आहे, बाप आहे."

"अगं मिल्का, प्रेमाने म्हणते."

"प्रेमाने दुसरं काही म्हणा." आई मला हाताला धरून आत घेऊन आली आणि दार लावून म्हणाली, "आपल्या रेवदंड्याला शेजारणी म्हणायच्या, वास्तू तथास्तु म्हणते. चांगल्या पोराला रोज बिचारा म्हणायचं म्हणजे काय?"

आईने तो शब्द घरात आणायला बंदी केली, आणि बंदी केल्यामुळेच मला त्याचा ध्यास लागला. तिओ मोशोन इझमीरला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शब्द म्हटलं की त्यांच्या बोटांना अजूनही चाळा लागे. दुपारी ते गॅलरीत कॉफी पीत बसले होते. आमची गॅलरी त्यांच्या गॅलरीला लागूनच होती.

"तिओ, झवालिको कुठून आला?"

"माझ्याच बोटीतून."

"तसं नाही. त्याच्याही आधी."

त्यांनी रिकामा कप कठड्यावर ठेवला. "याची सावली कुठे आहे?"

"नाहीये. कपाखाली आहे."

"मग थांब."

आम्ही थांबलो. कपाच्या पलीकडच्या अंगाला नखाएवढी काळी कोर बाहेर आली.

"हे बघितलंस? सूर्य माथ्यावर होता, आता ढळला. या ढळण्याला अरबांनी झवाल म्हटलं. राजाचे दिवस फिरले तरी तोच शब्द. तुर्कांनी तो त्यांच्याकडून घेतला आणि मागे आपलं शेपूट जोडलं, ली. ज्याच्याकडे झवाल आहे तो झवाल्ली. कुणाचं घर जळलं, कुणी अंथरुणाला खिळलं, की तुर्की बायका म्हणायच्या, झवाल्ली. आमच्या आज्या त्याच गल्लीत दूध आणायला जायच्या. दुधाबरोबर शब्दही आणला."

"त्यांना न विचारता?"

"शब्द नेताना कोण विचारतं? व्हिदा हल्ली लेब्लेबीला फुटाणे म्हणते, तुझ्या आईला विचारलं का तिने? आता राहिलं ते इको. त्याची तर खरी मजा आहे—"

"मोशोन," आतून तिया ओरडली, "सूप गार झालं."

"या उन्हात गार कसं होतंय," तिओ पुटपुटले आणि कप तसाच ठेवून आत गेले.

मी एकटीच त्या कपाकडे बघत राहिले. कोर बोटाएवढी झाली. मग मी खाली पाहिलं. आई एलूला कडेवर घेऊन दुकानातून येत होती. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं होतं, आणि त्या दोघांची सावली एका बाजूने जमिनीवर बाहेर सरकली होती. म्हणजे तिया त्याला रोज हेच म्हणते, मी मनात म्हटलं. याचा सूर्य ढळलाय.

त्याच संध्याकाळी एलूला ताप आला.

ताप उतरेना, म्हणून बाबा त्याला बेर-शेव्हाच्या दवाखान्यात घेऊन गेले. काही दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्या हाताच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि धीर धरा म्हणून सांगितलं होतं. पण ऊन उतरायला लागलं की त्याचं अंग पुन्हा तापायचं. मी दुपार झाली की खिडक्यांना चादरी लावायचे. आईला वाटे उन्हासाठी लावते. मला त्याला सूर्य दिसू द्यायचा नव्हता, आणि सूर्यालाही तो.

मंगळवारी तिया आमच्याकडे आली. आई त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवत होती. तिया म्हणाली, "मिल्का, हा मला विक."

आईचा हात थांबला.

"आमच्या घरात असंच करत आले. तो येतो, दाराशी उभा राहतो, नावाने विचारतो. त्या नावाचं पोर त्या आईकडे नसलं की परत जातो." तो म्हणजे कोण, हे ती म्हणाली नाही. फक्त खांद्यावरून मागे कोरडं थुंकली. मला दाराकडे बघवेना.

पण आईच्या चेहऱ्यावर मात्र मी किती दिवसांनी ओळखीचं काहीतरी पाहिलं. "आमच्याकडेही करायचे हे. माझा आतेभाऊ केरू. त्याच्या आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून आत्याने त्याला सुपात घालून केराजवळ ठेवला आणि शेजारणीने उचलला. म्हातारा झाला, अजून केरूच आहे."

"केरू म्हणजे?"

मी तियाला सांगितलं, "कचरा."

"छान नाव," तिया म्हणाली. "कचरा न्यायला कोण येणार?"

दोघींना वाटलं, आपण एकच गोष्ट बोलतो आहोत.

तियाने घरातलं कॉफी उकळायचं तांब्याचं भांडं आणलं. पैसे नको म्हणाली, पैसे घेतले की आईच्या मनाला लागतं. आईने भांडं घेतलं आणि एलूला उंबऱ्यावरून तिच्या हातात दिलं. तियाने त्याच्या कानात काहीतरी म्हटलं आणि मोठ्याने सांगितलं, "मेरकादो. विकत घेतलेला."

आई घाईने आत गेली आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. "हे घ्या. आणि द्या आता."

तिया एक पाऊल मागे सरली. "हे काय?"

"आत्याने तांदूळ देऊन तिथल्या तिथे परत घेतला होता केरूला."

"तिथल्या तिथे? मिल्का, याचं अंग बघ, भाजतंय. तो अजून जिन्यातच उभा असेल. ताप जाऊन पोर अंगाने भरेपर्यंत हा माझा. तू याची कुणी नाहीस. उचलायचं नाही, हाक मारायची नाही, तुझा आवाज त्याला ओळखीचा आहे. आणि जुनं नाव तर या दोन्ही घरांत कुणीच घ्यायचं नाही."

मी आईकडे बघत होते. मला वाटलं, ती आता हात पुढे करून त्याला ओढून घेईल. ती एलूच्या कपाळाकडे बघत होती. तिच्या मुठीतून तांदूळ सुटून जिन्यात सांडले. मग समोरचं दार लागलं.

संध्याकाळी बाबा आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "समोरच ठेवलाय ना. समुद्रापार नाही." पण त्यांनी ताटातलं अन्न तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं आणि एलूचं अंग फक्त कोमट झालं. त्याच्या पुढच्या दिवशी तेही नाही. तियाने दारातूनच ही बातमी सांगितली आणि आईने पदर पसरून एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला. बोलताना तिने प्रेषिताचंही नाव घेतलं नाही, कारण ते आणि माझ्या भावाचं नाव एकच होतं.

मी गॅलरीतून तिओंना हळूच विचारलं, "तिओ, त्याचा सूर्य ढळलाय ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. झवाल."

"अरे देवा." त्यांनी चष्मा काढला. "इको राहिलंच होतं. ऐक. इको आम्ही थेट स्पेनहून आणलं. आवडत्या गोष्टीला लावतो, पोराला, घराला, या कपाला. नुसतं झवाल्ली म्हणून माणूस पुढे निघून जाऊ शकतो. इको लावलं की थांबावं लागतं. खिशात काही आहे का ते बघावं लागतं."

मला ते पटलं नाही. शेपूट लावल्याने सूर्य थोडाच मागे येतो, असं मला वाटलं. आणि तियानेही तो शब्द टाकला होता. विकत घेतलेल्या पोराला बिचारा म्हणायचं नसतं, असं ती म्हणाली. ती त्याला फक्त मेरकादो म्हणायची, आणि एलू तेव्हा मागे वळून बघायचा, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

शुक्रवारी आमच्याच दाराच्या तळाशी थापा पडल्या.

"आई," बाहेरून एलू म्हणाला.

आई चुलीपाशी होती. ती उठली, दाराशी आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. थापा चालू होत्या. तिच्या पाठीला त्या लागत असणार.

"आई, एकदाच उघड," मी म्हटलं.

"नाही."

"तो रडतोय."

"रडू दे. रडायला अंगात जीव लागतो."

मी तिचा हात ओढला. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. एलू आई, आई म्हणत राहिला, मग नुसताच सूर लावून, आणि मग थापा थांबल्या. आईने श्वास सोडला. "घेतलं तिने आत."

समोर तिया, हे तिनेच मागाहून सांगितलं, आपल्या दारामागे उभी राहून तेच ऐकत होती. थापा थांबल्या तेव्हा तिला वाटलं, आईचंच काळीज ते, उघडलं असेल तिने दार. तिने ठरवलं की थोडा वेळ राहू द्यावं, कुणाला कळणार आहे. दोन्ही दारं बंद राहिली. मधल्या जिन्यात कुणी पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने तिया वाटीत भात कालवून आली. "दे बाई आता. त्याची जेवायची वेळ झाली."

"कुणाला?" आई म्हणाली.

तिया आईच्या खांद्यावरून आत बघत होती आणि आई तियाच्या खांद्यावरून समोरच्या उघड्या दारातून आत बघत होती. वाटी कुठे पडली ते मला आठवत नाही.

आता ती दुपार पुन्हा उभी करा. वारा, धूळ, पायाखालची सावली. आम्ही इमारतीभोवती फिरलो, दुकानाशी गेलो, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. शेजारच्या बायका खिडक्यांतून विचारत होत्या, काय नाव पोराचं? तिया सांगत होती, मेरकादो. त्या बायकाही तेच ओरडायला लागल्या. सगळं गाव एका अशा मुलाला हाका मारत होतं, जो कुणाचाच नव्हता.

इमारतींच्या शेवटी तिया थांबली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिने आईचे दोन्ही दंड धरले.

"मिल्का, घे. परत विकला. फुकट विकला. मार हाक."

आईने तोंडातला पदर काढला. मला वाटलं, सुटलो. पण ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताप गेलाय त्याचा. नाव लपवलं म्हणून गेला. आता भर रस्त्यात ते ओरडून मी दाराशी येणाऱ्याला पत्ता सांगू? या उन्हात तो काय लांब असेल?"

"आणि पोर या उन्हात किती वेळ राहील?"

आईने पदर पुन्हा तोंडात धरला. तिया सडकेकडे गेली. आई आणि मी मागच्या बाजूला, जिथे गावाचं सांडपाणी वाहून नेण्यासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाइप रांगांनी पडले होते. त्यांच्यापलीकडे मग काही नव्हतं, वाळवंटच.

"मेरकादो," मी ओरडले. वारा पाइपांतून घुमत होता, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा. दुसरं काही नाही. मी पाइपांची पुढची रांग धरली. "मेरकादो." माझ्या घशात धूळ गेली. आणि मग मला राहवेना. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "ए—"

मागून आईचा हात माझ्या तोंडावर आला. त्याला कांद्याचा वास होता. तो हात सैल पडला नाही. तिने माझ्या डोळ्यांत बघून नुसती मान हलवली. मग मला सोडलं आणि ती एकेका पाइपात वाकून बघत लांब धावत गेली.

मी तिथेच उभी राहिले. खाली पाहिलं. माझ्या टाचेमागून काळी कोर बाहेर आली होती. नखाएवढी.

तो आता इथेच कुठेतरी आहे, असं मला वाटलं. एलू नव्हे, दुसरा. पाइपांतून घुमतोय तो वारा नसेलही. माझं त्याच्याकडे लक्ष गेलंय हे त्याला कळू नये, म्हणून मी मान वर केली नाही. जुनं नाव घेतलं तर त्याला कळेल. नवीन नाव एलूला कळत नाही. माझ्याजवळ तिसरा एकच शब्द उरला होता, आणि मला त्या दोन्ही नावांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटत होती. सूर्य तर माझ्या डोळ्यांदेखत ढळत होता. अशा वेळी तो शब्द तोंडातून काढायचा, म्हणजे आपणच बोट करून दाखवायचं.

पण ते नाव नव्हतं. नाव विचारत आलेल्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

मी गुडघे टेकले. वाळूने गुडघे पोळले. आवाज तियासारखा जाड काढला, दार उघडून वाकताना ती काढायची तसा.

"आय, झवालिको."

पाइप घुमत राहिला. मी दुसऱ्याशी सरकले. "आय, झवालिको." मग तिसऱ्याशी. तिथे माझा आवाज तियासारखा राहिला नाही, माझाच झाला, आणि शेवटचं 'इको' रडण्यात गेलं. तरी मी म्हटलं. पुन्हा म्हटलं.

माझ्या पाठीमागे काहीतरी खरखरलं. मी वळायला घाबरत होते. वळले.

मी आधीच ओलांडलेल्या एका पाइपाच्या काळोख्या तोंडातून एक हात उन्हात आला होता. बारीक, धुळीने पांढरा झालेला, तळवा वर केलेला. एलू बाहेर आला नाही, रडला नाही, आईला हाक मारली नाही. त्याने नुसता हात धरून ठेवला. त्यात काही पडत नाही असं पाहिल्यावर त्याने बोटं मिटली, पुन्हा उघडली, आणि फुटाण्यांची वाट बघत राहिला.